गोव्याच्या डोंगराळ तालुक्यांतली तळी, धरणे आणि धबधबे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण. गोव्याच्या पूर्वेचे हे चार तालुके सह्याद्रीला टेकलेले आहेत. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतिगाव ही चारही मोठी अभयारण्ये याच पट्ट्यात येतात, साळावली, अंजुणे आणि चापोली ही धरणेही इथेच आहेत आणि नावाजलेले बहुतेक धबधबेही. नवा माणूस इथे येतो तो जागांची यादी घेऊन. यादी सहसा बरोबर असते, चुकलेला असतो तो महिना. मेमध्ये धबधबा बघायला जाऊन कोरडा कातळ बघून परतणारे आणि जुलैत त्याच धबधब्याच्या कुंडात उतरणारे, दोघांची चूक एकच. म्हणून आधी महिना ठरवा, त्याला साजेशी जागा निवडा, आणि गाडी-सामान त्यानंतर.

पहिली पायरी: महिना

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तापलेली जमीनच पाणी पिऊन घेते, ओहळ भरून वाहू लागतात ते जूनअखेरीस. साळावली धरण बहुतेक वर्षी जुलैत भरते. जुलै ते सप्टेंबर हा पाणी लांबून बघण्याचा काळ आहे: साळावलीचा सांडवा, चोर्ला घाटातले रस्त्यावरून दिसणारे प्रवाह, काणकोणात गावडोंगरीचा बामणबुडो. पाण्यात उतरायचे असेल तर या दिवसांत एकच जागा योग्य आहे, ती म्हणजे म्हादई नदीवरचे राफ्टिंग. तिथे जाकीट, हेल्मेट आणि नदी ओळखणारा माणूस सोबत असतो. दरवर्षी पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे, नद्या आणि पडीक चिरेखाणींत (जांभ्या दगडाच्या खाणींत) पोहण्यावर बंदीचे आदेश काढतात. बंदी आहे म्हणून नव्हे, तर ती ज्या कारणांसाठी आहे ती खरी आहेत म्हणून पाळा. कारणे पुढे दिली आहेत.

ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरअखेर हा नवख्यांसाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ, असे आमचे ठाम मत आहे. पाणी नितळ झालेले असते, प्रवाह आटलेले नसतात, जळवा कमी होतात, आणि कुळ्याहून दूधसागराला जाणाऱ्या जीप पुन्हा सुरू होतात. फक्त ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारी दोन-अडीचनंतर विजांसह येतो. त्या महिन्यात दुपारच्या जेवणापर्यंत जंगलाबाहेर या.

डिसेंबर ते फेब्रुवारी तळ्यांचे आणि पक्ष्यांचे महिने. चालायलाही हवा उत्तम असते.

मार्च ते मे धबधब्यांचा नाद सोडा. या दिवसांत बघण्यासारखी एक जागा मात्र वर्षात दुसऱ्या कुठल्याही वेळी दिसत नाही: साळावलीच्या पाण्याखाली गेलेले कुर्डी गाव. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. जलाशयाची पातळी उतरली की एप्रिलअखेर ते पावसाच्या तोंडापर्यंत घरांचे चौथरे, तुळशीवृंदावने, देवळाच्या जागा उघड्या पडतात. मूळचे गावकरी मेमध्ये इथे परत येऊन देवकार्य करतात. त्या दिवशी गेलात तर पाहुण्यासारखे वागा. वृंदावनावर बसून फोटो काढू नका. आणि गाडी भेगाळलेल्या गाळावर उतरवू नका: वरचा थर कडक दिसतो, पण खाली ओल असते आणि वळवाच्या एका सरीत तो साबणासारखा होतो. चाक रुतले की ट्रॅक्टर येईपर्यंत सुटका नाही.

दुसरी पायरी: समोरचे पाणी कोणत्या जातीचे आहे ते ओळखा

नकाशावर सगळेच निळे दिसते. प्रत्यक्षात गोव्याच्या डोंगराळ भागात चार तऱ्हेचे पाणी भेटते, आणि प्रत्येकाचा धोका वेगळा.

गावतळे. शेतीसाठी बांधलेले, उथळ, कमळांनी आणि पाणवनस्पतींनी भरलेले. कुडचड्याचे नंदा तळे हे याचे चांगले उदाहरण. २०२२ मध्ये ते गोव्यातले पहिले रामसार स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले, क्षेत्रफळ सुमारे ४२ हेक्टर. झडपा बंद करून कोरड्या महिन्यांत पाणी साठवतात आणि ते खालच्या भातशेतीला देतात. म्हणजे पाणी किती असेल हे निसर्गाइतकेच शेतकऱ्यांच्या कामावर अवलंबून असते. जुन्या गोव्याजवळच्या करमळी तळ्याचेही तसेच, तिथे कोकण रेल्वेचे स्टेशन तळ्याला लागूनच आहे. ही तळी काठावरून बघायची असतात. आत पाय टाकला तर गाळ गुडघ्यापर्यंत घेतो आणि देठांच्या जाळ्यात पाय अडकतो.

धरणाचा जलाशय. हे पिण्याचे पाणी आहे, साळावलीवर दक्षिण गोव्याचे नळ चालतात. पोहणे, कपडे धुणे, स्वतःची होडी टाकणे, काहीही करू नका. काठ हळूहळू खोल होत जाईल हा समज जलाशयात खोटा ठरतो, कारण तो काठ नसून बुडालेल्या टेकडीचा उतार असतो. दोन पावलांवर कंबरभर आणि चौथ्या पावलावर डोक्यावरून पाणी, असे होऊ शकते. खाली झाडांचे बुंधे आणि जुने बांध असतात. गोव्याच्या गोड्या पाण्यात मगरी आहेत, तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी पाण्याच्या अगदी कडेला उकिडवे बसू नका.

खाणीचा खंदक. नकाशावर नाव नसलेले, हिरव्या-निळ्या पाण्याचे, लाल भिंतींचे "तळे" डिचोली, सत्तरी किंवा सांग्यात दिसले तर ते बहुधा लोहखनिजाचा खंदक किंवा चिरेखाण असते. २०१२ आणि २०१८ च्या खाणबंदीनंतर असे कितीतरी खंदक पावसाच्या पाण्याने भरून राहिले. फोटोत ते सगळ्यात सुंदर दिसतात आणि सगळ्यात घातकही हेच आहेत. भिंत उभी कापलेली असते, बाहेर यायला पायरी नाही, सुट्या मुरमाची कड पायाखालून निसटते. इथे पोहता येणारा माणूसही बुडतो, कारण पोहून पोहून धरणार काय, हा प्रश्न असतो. कडेपासून निदान दहा पावले लांब राहा.

धबधब्याचे कुंड. पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळून पांढरा फेस होतो. त्या फेसाळ पाण्यात अंग तरंगत नाही, हात मारला तरी जोर लागत नाही. शिवाय वरून पडलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा धारेकडेच वळते, म्हणजे बाहेर येणारा माणूस परत धारेखाली ओढला जातो. कोरड्या दिवसांत, वनखात्याची परवानगी असेल तिथे, कुंडाच्या बाहेरच्या टोकाला कंबरेइतक्या नितळ पाण्यात बसायला हरकत नाही. धारेखाली जायचे नाही, वरच्या कातळावरून उडी तर नाहीच. दूधसागराच्या कुंडापाशी आणि मये तळ्यावर जीवरक्षक असतात. आडबाजूच्या धबधब्यांवर कोणी नसते.

तिसरी पायरी: पहिली जागा सोपी निवडा

साळावली. सांगे गावापासून साधारण ५ किमी. पहिल्या भेटीसाठी याहून सोयीची जागा नाही: पक्का रस्ता, पायथ्याशी बाग, कठड्यामागून सांडवा दिसतो. सांडव्याचा आकार बदकाच्या चोचीसारखा. धरण भरले की पाणी त्या गोलाईच्या कडेवरून सगळीकडून एकदम आत कोसळते. कठड्यापाशी थांबलात तर आधी आवाज पोटात जाणवतो, मग वाऱ्याची दिशा बदलली की तुषार उलटे वर येऊन चष्मा पांढरा करतात. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मुलांचे मनगट धरा (बोट नव्हे, ओले बोट सुटते). जुलै-ऑगस्टच्या रविवारी गर्दीत गाडी उभी करायलाच तास जातो. कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या आत पोहोचा.

नंदा तळे. उजाडताना पोहोचायचे आणि साडेआठला निघायचे. ८×४२ ची दुर्बीण पुरते. सूर्य पाठीशी राहील अशा बाजूला उभे राहा, नाहीतर सगळे पक्षी काळे दिसतील. तपकिरी अडई बदकांचा थवा शिट्टीसारख्या आवाजाने ओळखू येतो. कमळपक्षी शोधायला पाने बघा: लांबलचक बोटे पसरून तो पानावर चालतो, पान किंचित खाली जाते, कडेवरून पाणी आत येते, आणि पान बुडायच्या आत त्याचे दुसरे पाऊल पुढच्या पानावर असते. गाडीचे दार आपटले तर हे सगळे पाच मिनिटे बंद पडते. भडक कपडे टाळा आणि बांधावर एका ओळीत चाला, बांध शेतकऱ्याचा आहे.

नेत्रावळी. मडगाव, केपे, तिळामळ, रिवण असा रस्ता, साधारण दीड तास. गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी आधी बघा. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शांत बसले की तळातून बुडबुड्यांच्या माळा सुटताना दिसतात. टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात असे लोक सांगतात, पण देवळात पूजा चालू असेल तर थांबा. तळीत साबण, खाऊ किंवा नाणी टाकू नका. धबधब्यांपैकी सावरीची वाट तुलनेने सोपी आहे. मैनापीची लांब आहे आणि ओहळ ओलांडत जाते. जुलै २०२३ मध्ये मैनापीला बुडून मृत्यू झाल्यावर वनखात्याने धबधब्यांवर जाणे काही काळ बंदच केले होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने सावरीच करावी.

दूधसागर. उंची सुमारे ३१० मीटर. कुळ्याला जीपची रांग असते. जीप ओहळांतून, खडकाळ रस्त्याने जाते आणि शेवटचा थोडा भाग दगडांवरून चालत जावा लागतो. पावसाळ्यात जीप बंद असते. त्या दिवसांत रुळांवरून चालत जाण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि कुळे ते कॅसलरॉक या ब्रागांझा घाटात चढ ३७ ला १ इतका तीव्र, बोगदे अरुंद आणि धारेच्या आवाजात मागून येणारे इंजिन ऐकूच येत नाही. पावसाळी दूधसागर बघायचा तर तिकीट काढून त्या मार्गावरच्या गाडीत बसा. खिडकीतून दिसतो तेवढा पुरेसा आहे.

म्हादईवरचे राफ्टिंग. सत्तरीत, वाळपईच्या बाजूला, पावसाळ्यात चालते. टप्पा साधारण १० किमीचा, पाणी ग्रेड २ ते ३ चे, म्हणजे नवख्याला झेपणारे पण खेळणे नव्हे. जाकिटाचे सगळे पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा. ते कानापर्यंत सरकले तर सैल आहे. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे, गुडघे थोडे वाकवलेले, बोटे पाण्याच्या वर. वेगाच्या पाण्यात उभे राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दोन दगडांत अडकते आणि प्रवाह अंगावर येऊन माणसाला खाली दाबतो. चपला चालत नाहीत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट घाला.

मये तळे डिचोलीला, वर्षभर जाता येते. घरातली म्हातारी माणसे आणि लहान मुले सोबत असतील तर पायडलची होडी आणि काठावरची सावली यात अर्धा दिवस छान जातो. खोतिगावला पैंगीणच्या बाजूने आत जाता येते. पहाटे लवकर मचाणावर पोहोचलात तर अर्थ आहे, दुपारी जाऊन काही दिसत नाही.

चौथी पायरी: परवानगी, वाहन, पैसे

अभयारण्यातल्या प्रत्येक वाटेसाठी आधी वनखात्याच्या नाक्यावर जा, नाव नोंदवा, शुल्क भरा, पावती खिशात ठेवा. धबधबा उघडा आहे की बंद, वाटाड्या सक्तीचा आहे का, हे आठवड्याआठवड्याला बदलते. समाजमाध्यमावरचा गेल्या वर्षीचा व्हिडिओ त्याला आधार नाही. वाटाड्या गावातलाच घ्या. त्याचे पैसे वाचवायला जाऊ नका. वाट दाखवण्यापेक्षा त्याचा मोठा उपयोग पाण्याचा अंदाज घेण्यात असतो.

कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बस वाळपई, सांगे आणि काणकोणचे मुख्य गाव चावडी इथपर्यंत चांगल्या आहेत. त्यापुढे गावात जाणाऱ्या मोजक्याच. उतरतानाच कंडक्टरला परतीची शेवटची बस विचारून घ्या. भाड्याची दुचाकी घेत असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेणे बेकायदा आहे आणि नाक्यावर दंड तुम्हालाही बसतो. पेट्रोल तालुक्याच्या गावातच भरा. नेत्रावळीच्या आत आणि सुर्ल्याच्या वाटेवर मोबाइलला रेंज जाते, तेव्हा ऑनलाइन पैसे चालत नाहीत. पाचशे-हजार रुपये सुट्या नोटांत ठेवा, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

उघड्यावर दारू पिणे आणि बाटल्या फोडणे याला दंड आहे; २०१९ च्या दुरुस्तीत तो एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये होता. दंडाचे सोडा. कुंडात फुटलेली काच वर्षानुवर्षे राहते आणि ती गावातल्या मुलाच्या तळपायात जाते. ज्याला प्यायची आहे त्याने घरी प्यावी.

वाटेत सुपारीची बाग लागली तर ते कुणाचे तरी कुळागर असते. पाटाच्या कडेने आत शिरण्याआधी हाक मारा. "काका, इथून जाऊ का?" एवढे विचारले की बहुतेक वेळा वाटही मिळते आणि पाणीही.

पाचवी पायरी: आदल्या दिवशीची तयारी

हवामान खात्याचा इशारा बघा. तालुक्याचा अंदाज बघून थांबू नका, घाटमाथ्यावर, म्हणजे खानापूर-जांबोटीच्या बाजूला, काय आहे तेही बघा. ओहळाचे पाणी तिथून येते. चोवीस तासांत ६४.५ मिमीच्या वर पाऊस म्हणजे "जोरदार", ११५.६ च्या वर "अति जोरदार", २०४.५ च्या वर त्याहीपुढचा. पिवळ्या इशाऱ्याला रस्त्याकडेची ठिकाणे ठीक, केशरीला आणि लालला जंगलाची वाट रद्द.

सामान माणशी असे: पाणी ३ लिटर, अर्धे साधे आणि अर्धे मीठ-साखर-लिंबाचे. चपाती-भाजी, केळी, गूळ आणि काजू. टाचेला पकड असलेले बूट. चिऱ्यावरचे शेवाळ गुळगुळीत तळव्याला अजिबात धरत नाही. लांब मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला टोपी. टॉर्च, जरी संध्याकाळच्या आत परतायचे असले तरी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दाट रानात पाचलाच दिसेनासे होते. गटामागे एक: १५ मीटर जाड दोरी, झाकण घट्ट बसणारा ५ लिटरचा रिकामा कॅन, शिट्टी, जंतुनाशक, पट्टी. दोरीचे एक टोक कॅनच्या कानाला बांधून ठेवा. बुडणाऱ्याकडे फेकायला याहून स्वस्त आणि चांगले साधन नाही.

ओहळ ओलांडताना

या भागात जंगलातली बहुतेक गडबड इथे होते. जाताना घोट्याइतके असलेले पाणी परतताना मांडीला लागते. खाली लख्ख ऊन आणि वर घाटात पाऊस, हे इथे नेहमीचे आहे. ओहळापाशी पोहोचलात की हा क्रम धरा.

पाण्याच्या अगदी कडेला एक दगड खुणेला ठेवा. पाच मिनिटे थांबून बघा. दगड बुडायला लागला असेल तर पलीकडे जाऊ नका, गेला असाल तर लगेच परत या. पाणी गढूळ होणे, पाने-काटक्या तरंगत येणे, आवाज जाड होणे, ही लोंढ्याची लक्षणे आहेत. यातले एक जरी दिसले तरी उंच जागी चढा, सामान राहू द्या.

जागा रुंद आणि उथळ निवडा. अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असते, उडी मारून पार होईल असे वाटते आणि समोरचा दगड ओला असतो. खाली पन्नासेक मीटरवर कडा किंवा कुंड असेल तर तिथून ओलांडूच नका. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा.

बूट काढू नका. पाठीवरच्या पिशवीचे छातीचे आणि कंबरेचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती टाकून देता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय हलवायचा. काठी आणि दुसरा पाय घट्ट असल्याशिवाय पुढचे पाऊल नाही. तिघे असाल तर एकमेकांचे खांदे धरून, सगळ्यात भारी माणूस प्रवाहाच्या बाजूला.

कोणी वाहून जायला लागला तर पाण्यात उडी घेऊ नका. एकाला वाचवायला गेलेला दुसरा जातो, हीच गोव्यातल्या कितीतरी दुर्घटनांची रीत आहे. काठाने पुढे पळा, त्याच्या खालच्या बाजूला जा आणि कॅन बांधलेली दोरी फेका. दोरी स्वतःच्या हाताला गुंडाळू नका.

अंगाला चिकटणारे जीव

जळवांना घाबरून नेत्रावळी सोडणारे लोक आहेत, ते उगाच. मोजे पॅंटवर ओढा, त्यावर मिठाची किंवा तंबाखूच्या पाण्याची पट्टी फिरवा, दर अर्ध्या तासाने एकमेकांचे पाय बघा. चिकटलीच तर ओढू नका आणि काडी लावू नका. निमुळत्या टोकाशी, कातडीला लागून, नख सरकवा, तोंड सुटते. मग लगेच झटकून टाका, ती बोटाला धरते. रक्त अर्धा-एक तास वाहत राहील, कारण तिच्या लाळेने ते गोठत नाही. धुऊन पट्टी बांधा, बाकी काही करायचे नाही.

गोचीड मात्र गांभीर्याने घ्यायची गोष्ट आहे. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून येतो, आणि डिसेंबर ते मे, म्हणजे पाचोळा पडलेल्या कोरड्या दिवसांत, जोर धरतो. काजूच्या बागेत किंवा पाचोळ्यावर बसू-लोळू नका, मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा, कातडीला डेपा तेल (गोचीड दूर ठेवणारे) लावा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करा, काखा आणि जांघा तपासा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना सत्तरीच्या रानात गेल्याचे न विचारता सांगा. पावसाळ्यात पायाला जखम असताना चिखलपाण्यातून चाललात आणि नंतर ताप आला, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार होण्यासाठी तेही सांगावे लागते.

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि वाटेवर समोर येऊ शकतो. उभे राहा, नजर न रोखता हळूहळू मागे सरका, त्याला जायला बाजू मोकळी ठेवा. साप चावला तर जागा कापू नका, आवळून बांधू नका. पाय न हलवता उचलून थेट सरकारी इस्पितळात न्या.

नोव्हेंबरसाठी दोन दिवसांचा बेत

पहिला दिवस. मडगावहून पावणेसहाला निघून साडेसहापर्यंत नंदा तळे. साडेआठला कुडचड्यात पाव-भाजी आणि चहा. तिथून रिवणमार्गे पणसायमळ: कुशावतीच्या काठच्या चिऱ्यावर कोरलेली बैलांची, चक्रव्यूहाची जुनी चित्रे. ऊन तिरपे असताना रेषा उठून दिसतात, दुपारी त्या पुसल्यासारख्या होतात, म्हणून साडेनऊच्या आत पोहोचा. चित्रांवर पाणी ओतू नका, खडू फिरवू नका, बूट काढून कडेने चाला. अकरापर्यंत नेत्रावळीचा वननाका, सावरीला जाऊन अडीचच्या आत परत. चारला बुडबुड्यांची तळी. मुक्काम नेत्रावळी-रिवणच्या घरगुती निवासांत, पण आदल्या दिवशी फोन करूनच, कारण जेवण माणसे मोजून शिजते.

दुसरा दिवस. सकाळी साळावली, नऊपर्यंत. त्यानंतर दोनपैकी एक निवडा: तांबडी सुर्लचे कदंबकालीन महादेवाचे देऊळ आणि शेजारच्या नदीकाठी दुपार, किंवा कुळ्याहून दूधसागर. दोन्ही एका दिवसात बसवू नका. दूधसागर निवडला तर साळावली सोडून द्या आणि सात-साडेसातला जीपच्या रांगेत असा, शनिवार-रविवारी नंबर लवकर संपतात.

निघण्याआधी घरच्या किंवा मुक्कामाच्या माणसाला कोणती वाट, कितीजण आणि किती वाजेपर्यंत परत, हे लिहून द्या. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. रेंज नसेल तर एकजण जखमीपाशी थांबतो, दोघे वननाक्याकडे जातात, आणि फोनवर "धबधब्याजवळ" असे न सांगता गाव, वाडा, शेवटचे देऊळ किंवा पूल आणि तिथून चालत किती मिनिटे, असे सांगतात.